शेतावरची जुनी ४०७ पुन्हा रस्त्यावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘४०७’ म्हणजे टाटाची जुनी, टर्बो नसलेली, ४९७ इंजिनाची गाडी. चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर, १०० मिमी स्ट्रोक, २,९५६ सीसी. १९८६ साली ही गाडी बाजारात आली आणि कांदा, द्राक्षं, दूध, खत, लग्नाचं वऱ्हाड असं सगळं तिनं वाहिलं. घरोघरी गोठ्यामागं उभ्या असलेल्या अशाच गाड्यांबद्दल हे प्रश्न येतात. मॅटाडोर किंवा जीपवाल्यांनाही डिझेल, ब्रेक आणि कागदांची उत्तरं बहुतांश लागू पडतील.

१. गाडी आठ-दहा वर्षं एका जागी उभी आहे. सुरुवात नेमकी कुठून करायची?

कागदांपासून. आर.सी. (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) कुणाच्या नावावर आहे, बोजा उतरला आहे का, नोंदणी रद्द तर झालेली नाही ना, हे आधी बघा (प्रश्न ३ ते ५). इंजिनावर पैसा घातल्यावर गाडी कागदोपत्री भंगारात गेल्याचं कळलं तर तो पैसा परत येत नाही.

मग कामाचा क्रम असा: आधी चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) तपासणी, मग इंजिन सुटं फिरतंय का, मग डिझेल लाइन, मग ब्रेक. गाडी स्वतःच्या ताकदीवर दहा फूट पुढं जाण्याआधी ती थांबवता आली पाहिजे. टायर, वायरिंग, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी. नवखे लोक नेमके रंगापासून सुरू करतात, कारण तो दिसतो. मग इंजिन काढताना त्याच रंगावर पाने आपटतात.

पहिल्या दिवशी बॉनेट उघडण्याआधी लांब काठीनं ठोका. केबिनमध्ये, सीटखाली आणि एअर क्लिनरमध्ये उंदीर, आणि उंदरामागं साप, हे नेहमीचं आहे.

२. दुरुस्त करण्यात अर्थ आहे की सरळ भंगारात द्यावी?

याचा निकाल इंजिन नाही, चेसिस लावते. इंजिनाचे भाग मिळतात. कुजलेली चेसिस मात्र पुन्हा उभी करता येत नाही. तारेच्या ब्रशनं माती काढा आणि हातोडीनं हलकं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आत गंज शिरलाय. पाट्यांचे ब्रॅकेट, क्रॉस मेंबरचे रिव्हेट आणि केबिनच्या मागची जागा बारकाईनं बघा. तडे तिथं पडतात. कोकणात आणि साखर कारखान्याची मळी वाहिलेल्या गाड्यांत हे हमखास आढळतं.

एखादा छोटा तडा दुरुस्त होतो: टोकाला ५-६ मिमीचं भोक पाडून तो पुढं जाणं थांबवायचं, मग जाणकार वेल्डरकडून भरून आतून पट्टी मारायची. चेसिसच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग मात्र करू देऊ नका, नवा तडा तिथूनच सुरू होतो. दोन्ही बाजूंना हाताच्या बोटानं पत्रा फुटत असेल तर गाडी अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि प्रमाणपत्र घ्या.

३. गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि ते वारले. माझ्या नावावर कशी होईल?

वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. विक्रीचे २९ आणि ३० हे फॉर्म इथे चालत नाहीत, आणि मृत माणसाच्या सहीचा जुना कागद वापरणं हा गुन्हा आहे. मूळ आर.सी., मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत शपथपत्र लागतं. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तर दंड भरून काम होतं. आर.सी. हरवली असेल तर आधी फॉर्म २६. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नोंदवलेला असेल तर फॉर्म ३५ आणि त्यांचं पत्र. कर्ज फिटून वीस वर्षं झाली तरी नोंद आपोआप उतरत नाही.

भावकीतल्या एकाची सही अडली की सगळं अडतं. म्हणून हे काम पाना हातात घेण्याआधी.

४. पंधरा वर्षं झाली की गाडी बाद होते ना?

नाही. ४०७ ही मालवाहू, म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट’ गाडी. तिची नोंदणी फिटनेसवर जगते. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, नसेल तर ती कायद्यानं नोंदणीकृतच मानली जात नाही. आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी. १५ वर्षांवरच्या गाडीची फी बरीच जास्त असते, शिवाय पर्यावरण कर. जाण्याआधी चालू दर परिवहनच्या संकेतस्थळावर बघून घ्या. १५ वर्षांनंतर सक्तीनं मोडीत काढण्याचा नियम सरकारी गाड्यांना लागू आहे, आणि दिल्ली परिसरातली जुन्या डिझेल गाड्यांची बंधनं त्या भागापुरती. दोन्ही बातम्या एकत्र करून गावात अफवा पसरते.

पासिंगला ब्रेक, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टिव्ह टेप (पुढं पांढरी, बाजूंना पिवळी, मागं लाल), विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षित नंबर प्लेट लागते. मधल्या वर्षांचा कर थकलेला निघू शकतो. गाडी वापरात नाही असं आधी लेखी कळवलं नसेल तर ‘उभीच होती’ हे कारण चालत नाही.

५. ऑनलाइन नंबर टाकला तर गाडीच सापडत नाही. आणि आर.सी.वर टाटा नाही, ‘टेल्को’ लिहिलंय!

टेल्को बरोबर आहे. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं. हातानं लिहिलेल्या आर.सी.ची माहिती संगणकावर चढलीच नाही, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. मूळ आर.सी. घेऊन नोंदणी झालेल्या आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’साठी अर्ज करा. ती झाल्याशिवाय वरचं कुठलंच काम पुढं सरकत नाही.

६. माझ्या साध्या कारच्या लायसन्सवर ४०७ चालवता येईल का?

हो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच कायम केलं. आर.सी.वरचं एकूण वजन तेवढं वाचून घ्या. परमिटची गोष्ट वेगळी: सूट ३,००० किलोपर्यंतच्या गाड्यांना आहे आणि ४०७ त्याच्या वर जाते.

७. नवी बॅटरी आणली आहे. एकदा सेल्फ (स्टार्टर) मारून बघू का?

नको. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या बोअरला चिकटतात, व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतात. सेल्फच्या झटक्यानं रिंग तुटते किंवा पुशरॉड वाकतो. दोरी बांधून ट्रॅक्टरनं ओढणं त्याहून वाईट.

चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल असं साधारण ५० मिली सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून हातानं फिरवा. अडलं तर जोर न लावता थोडं उलट, थोडं सुलट. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की नोझलची भोकं कापडानं झाकून सेल्फनं काही सेकंद फिरवा, म्हणजे साचलेलं तेल बाहेर पडेल. आठवडाभर मुरवूनही हललं नाही तर हेड उतरवावं लागेल.

नोझल बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घाला. चेंबरमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं) जुनं ऑइल काढून फिल्टरसह नवं १५डब्ल्यू-४० भरा, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत. निघालेलं तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी आहे. हेड गॅस्केट तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.

८. टाकीत जुनं डिझेल आहे. त्यातच नवं मिसळलं तर?

ते नोझलला डिझेल पुरवणाऱ्या पंपात गेलं तर पंप जाईल. जुन्या डिझेलमध्ये तळाशी पाणी, त्यावर शेवाळासारखा काळा चिखल आणि टाकीचा गंज असतो. टाकी उतरवा, सगळं काढून टाका. पाच लिटर स्वच्छ डिझेल आणि हातभर बारीक साखळी आत घालून टाकी खुळखुळवा, ओतून द्या, निघणारं डिझेल स्वच्छ होईपर्यंत पुन्हा करा. साखळीच्या कड्या मोजून घाला आणि मोजून काढा. पाण्यानं धुऊ नका. भोक असेल तर टाकी बदला; रिकामी वाटणाऱ्या टाकीतही वाफ असते आणि वेल्डिंगच्या ठिणगीला ती स्फोटासारखी पेटते.

दोन्ही डिझेल फिल्टर आणि रबरी नळ्या नव्या. नळीला बारीक भेग असली तरी डिझेल गळत नाही, पण हवा आत ओढली जाते, आणि मग गाडी दहा मिनिटं चालून बंद पडते. याच तक्रारीवर सगळ्यात जास्त नोझल विनाकारण बदलले जातात.

९. ‘इंजिन पळतं’ म्हणतात ते काय? चालू करताना भीती वाटते.

इंजिन पळणं म्हणजे ते आवरेनासं होऊन वेगानं फिरत सुटणं. भीती योग्य आहे. या इंजिनाला चालायला वीज लागत नाही. हवा आणि डिझेल मिळत राहिलं की चावी काढली तरी ते चालू राहतं. बंद होतं ते स्टॉप केबलनं, कारण ती पंपातला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) ओढून डिझेल तोडते.

आता पंपाकडे या. लाइन पंप असेल (चार नळ्या एका रांगेत निघतात, जुन्यांवर ‘मायको’ची पाटी असते) तर बाजूला स्क्रूनं बसवलेलं एक लांबट झाकण दिसेल. ते उघडा. आत चार स्प्रिंगा उभ्या आणि त्यांच्यामागून आडवा जाणारा रॅक. इंजिन बंद असताना गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा हा रॅक जास्त डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवतात. उभ्या गाडीत डिझेल वाळून लाखेसारखं चिकट होतं आणि रॅक नेमका तिथंच धरतो. म्हणजे इंजिन चालू होताच पूर्ण डिझेल, आणि थांबवायला काही नाही.

स्टॉपचा लिव्हर हातानं ओढा आणि सोडा. रॅक सुळकन गेला पाहिजे आणि सुळकन परत आला पाहिजे. अडखळला तर स्वच्छ डिझेल सोडून रात्रभर ठेवा, मग लिव्हर हळूहळू हलवत राहा. हातोडी किंवा पक्कड लावायची नाही. तरी सुटला नाही तर पंप उतरवून पंपरूममध्ये (डिझेल पंप दुरुस्त करतात तिथं) द्या. तिथं कॅलिब्रेशनही करून घ्या. उतरवण्याआधी पंप आणि इंजिनावर छिन्नीची खूण करा, नाहीतर टायमिंग हरवतं. रोटरी पंपाला हे झाकण नसतं; तो सरळ पंपरूमकडेच.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लिनरचा पाइप काढून ठेवा आणि एक माणूस प्लायवूडचा तुकडा, त्याला रबर चिकटवून, हातात धरून उभा करा. इंजिन पळालं तर तो इनलेटच्या, म्हणजे हवा आत जाते त्या, तोंडावर दाबायचा. तळहात किंवा सुटं कापड नाही. ओढ जबरदस्त असते.

१०. सगळं केलं, तरी चालू होत नाही. नुसतीच फिरते.

एअर धरली आहे, म्हणजे डिझेल लाइनमध्ये हवा अडकली आहे. फिल्टरवरचा ब्लीडर स्क्रू सैल करा, फीड पंपाचा हातपंप मारत राहा. बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूचं तसंच. मग नोझलकडच्या दोन नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून, अ‍ॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारा. डिझेल उडायला लागलं की आवळा, मग उरलेल्या दोन. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंद, मध्ये मिनिटभर थांबा.

त्या उडणाऱ्या डिझेलसमोर बोट धरू नका. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. बाहेर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत मांस सडतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात.

११. चालू झाली, पण धूर फार आहे. इंजिनचं काम काढायचं का?

अर्धा तास चालवून मग ठरवा. पांढरा धूर गरम झाल्यावर गेला तर ठीक; राहिला आणि पाणी कमी होत असेल तर गॅस्केट. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर क्लिनर, नोझल, पंप. निळा म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा: भसाभसा वाफ येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा किंवा बोअर गेलाय. पण चिकटलेल्या रिंगा दोन-चारशे किलोमीटरमध्ये सुटतातही, म्हणून घाई नको.

१२. ब्रेक पॅडल खाली जातं. ब्रेक ऑइल टाकलं की झालं ना?

नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि आठ वर्षांत तो सिलिंडरच्या आत गंज करतो. वरून नवं ऑइल टाकलं की गंजलेल्या खड्ड्यांवरून घासून रबर फाटतं, तेही भर घाटात. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर उघडा. आत नखाला खड्डा लागला तर सिलिंडरच बदला. गुळगुळीत असेल तर किट पुरतं. रबर फक्त ब्रेक ऑइलनं धुवायचं. डिझेल लागलं की ते फुगतं. लायनरला ऑइल लागलं असेल तर पेटवून, घासून वापरायचा उद्योग नको, नवे घाला.

लोखंडी नळी गंजली असेल तर ब्रेकचीच नळी आणा. फ्रिजच्या दुकानातली तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून बसवतात. ती हादऱ्यानं तडकते.

ब्लीडिंग लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आधी ब्रेक शूज अ‍ॅडजस्ट करा. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून बंद करायचा, आणि पॅडल सोडायचं ते निपल बंद झाल्यावरच.

मग बूस्टर (व्हॅक्युमवर पॅडलचा जोर वाढवणारा डबा). इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर व्हॅक्युम मिळतोय. नाही गेलं तर नळी आणि व्हॅक्युम पंप बघा. बऱ्याच ४०७ वर तो अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. अल्टरनेटर बदलताना स्वस्तात बिनपंपाचा आणला, की ब्रेक दगडासारखा कडक लागतो आणि मिस्त्री मास्टर सिलिंडर शोधत बसतो.

१३. टायरची नक्षी चांगली आहे. चालतील?

बाजूवर चार आकडे शोधा. ‘३२१४’ म्हणजे २०१४ चा ३२ वा आठवडा. रबर जुनं झालं की नक्षी असूनही भारानं फुटतं. शेतात रिकामी फिरवायला चालवा, माल घालून रस्त्यावर नको.

लॉक रिंग (टायर अडकवणारी सुटी कडी) असलेल्या चाकातली हवा व्हॉल्व्ह काढून पूर्ण सोडल्याशिवाय गाडीवरून चाक उतरवू नका. रिंग उडून माणसं दगावली आहेत. हवा भरताना चाकाला साखळी गुंडाळा आणि बाजूला उभे राहा.

१४. गाडी गरम होते. मिस्त्री म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू.

काढू नका. मग इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त पितं आणि बोअर लवकर झिजतो. खरं कारण बहुधा बोअरवेलचं पाणी. त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकमध्ये बसतो. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, होज नवे घाला, आणि पुढं फक्त कूलंट व शुद्ध पाणी. फॅन बेल्ट अंगठ्यानं १०-१५ मिमी दबला पाहिजे.

१५. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. जोड मारत जाऊ की नवीन हार्नेस?

तीनपेक्षा जास्त ठिकाणी कुरतडलं असेल तर तयार हार्नेस घ्या. हेडलाइटला २.५ चौरस मिमीची तार आणि प्रत्येक फांदीला फ्यूज. अर्धी दुखणी अर्थिंगची असतात: चेसिस, इंजिन आणि बॅटरीमधल्या पट्ट्या काढून बूड चकचकीत घासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटरची जोडणी काढून ठेवा.

१६. क्लच दाबला तरी गिअर पडत नाही.

प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली आहे. क्लच दाबून लाकडी दांड्यानं दोन दिवस अडकवून ठेवा. नाही सुटली तर मोकळ्या सपाट वावरात, ब्रेक झालेले असताना (प्रश्न १२), इंजिन गरम करून बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबूनच चालू करा आणि ब्रेक मारा. पुढं माणूस किंवा विहीर नको.

१७. पत्रा आणि रंग घरी होईल?

घासणं आणि प्रायमर घरी होतं. कुजलेला पत्रा कापून १८ किंवा २० गेजचा तुकडा लावायचा. भोकावर पुट्टी थापली की पहिल्याच पावसाळ्यात फुगते. पुट्टी २-३ मिमीच्या वर नको. मग इपॉक्सी प्रायमर, ४०० ते ६०० चा पॉलिश पेपर पाण्यानं, आणि वरून पीयू रंग. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. पावसाळ्यात रंगाला पांढुरकी झाक येते. शेजारी ऊस पेटवणार असतील तो आठवडा टाळा. आर.सी.वर लिहिलेलाच रंग द्या, नाहीतर बदलाची नोंद करावी लागेल.

हौद्याच्या फळ्या साग परवडत नसेल तर बाभळीच्या चालतात, पण पूर्ण वाळलेल्या. ओली बाभूळ पिळते आणि फाळका लागत नाही.

१८. जुनं इंजिन काढून नव्या गाडीचं टर्बो इंजिन बसवलं तर?

आरटीओच्या परवानगीशिवाय नाही. इंजिन नंबर बदलला की आर.सी. जुळत नाही आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. त्याच प्रकारचं इंजिन भंगारातून आणलं तरी पक्कं बिल हवं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला इथं भाग मिळतात, पण ब्रेकचं रबर, होज आणि बेअरिंग मात्र वापरलेलं घेऊ नका. हौद्याची उंची वाढवणं हाही बदलच.

१९. फक्त शेतात वापरणार. पासिंग, विमा हवाच का?

स्वतःच्या वावरात फिरवायला नाही. पण दोन तुकड्यांमधला गावरस्ता, गाडीवाट, बाजार समितीचं आवार ही सार्वजनिक जागा धरली जाते. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या सवलती ४०७ ला मिळत नाहीत.

२०. चेसिस नंबर गंजून वाचता येत नाही. पुन्हा ठोकून घेऊ?

स्वतः कधीच नाही. तो खाडाखोडीचा गुन्हा ठरतो. आधी ग्राइंडर लांब ठेवा. रॉकेलमध्ये भिजवलेलं कापड तासभर ठेवून पितळी ब्रशनं हलकेच घासा, वर खडू चोळून बाजूनं टॉर्च मारा. अक्षरं बहुतेक वेळा उमटतात. कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या. तरी वाचता आला नाही तर आरटीओत लेखी अर्ज करा. निरीक्षक इंजिन नंबर, केबिनमधली पाटी आणि जुन्या नोंदी पडताळून नंबर पुन्हा टाकायची परवानगी देतात. ती हातात येईपर्यंत त्या जागेवर रंग मारू नका.